गळका रेडिएटर आणि घरचा इलाज

भारतात साधारण १९५० ते १९९० या काळात ज्या घरी मोटार होती, त्या घरी रोज सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरमधले पाणी पाहण्याची शिस्त होती. कारण त्या काळची गाडी थोडेफार पाणी गाळणारच, असे गृहीत धरलेले असे, आणि ती गळती घरच्या घरी, नाही तर कोपऱ्यावरच्या गॅरेजात थांबवता येईल याचीही तितकीच खात्री असे. या दुरुस्तीच्या संस्कृतीचे श्रेय सहसा टंचाईला दिले जाते. आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून लोक हाताने दुरुस्ती करायला शिकले, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. गळती का होई आणि ती बुजवता का येई, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी धातूत आणि पाण्यात शोधावी लागतात. टंचाईचा क्रमांक त्यानंतर लागतो.

इंजिनात जळणाऱ्या इंधनापासून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग इंजिनाच्या अंगातून बाहेर काढून टाकावा लागतो, नाही तर पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना धरून बसतात, म्हणजेच इंजिन सीझ होते. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत यासाठी केलेली योजना अगदी साधी होती: सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि गेलेल्या पाण्याच्या जागी नवे ओतावे लागे. त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत जो प्रवास केला, त्यात जागोजागी थांबून पाणी भरावे लागले आणि वाटेतल्या बारीकसारीक दुरुस्त्याही करून घ्याव्या लागल्या. म्हणजे गाडीच्या धन्याने स्वतःच पाण्याची काळजी वाहण्याची प्रथा मोटारीइतकीच जुनी आहे. पुढे डाइमलर कंपनीचे अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवली. त्या जाळीत ६ मिलिमीटर चौकोनी छेदाच्या ८,०७० नळ्या एकमेकींना झाळून बसवलेल्या होत्या आणि त्यामुळे एवढ्या ताकदीच्या इंजिनाला अवघे ९ लिटर पाणी पुरू लागले. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून थंड करण्याची आजची पद्धत या जाळीने रूढ केली. पण आठ हजार नळ्या म्हणजे सांध्यांचीही तितकीच मोठी संख्या, आणि प्रत्येक सांधा ही गळतीची एक संभाव्य जागा होती, ही गोष्ट पुढच्या पाऊणशे वर्षांच्या गॅरेज-व्यवसायाला पुरून उरली.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार १८९८ च्या सुमारास दिसू लागली, आणि १९२० च्या दशकात फोर्ड व जनरल मोटर्स या दोन अमेरिकी कंपन्यांनी या शहरात सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचे काम सुरू केले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर, गाडी देशातच टप्प्याटप्प्याने बनवण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांनी आपले काम आवरते घेतले, आणि मैदानात मुख्यतः देशी कंपन्या उरल्या. यानंतरची तीन दशके मध्यमवर्गीय खरेदीदारापुढे दोनच नावे ठळक होती: उत्तरपाऱ्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याची फियाट, जी १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. स्कूटर आणि रिक्षा यांची इंजिने वाऱ्याने थंड होणारी असल्यामुळे त्यांच्या मालकांना हा सारा ताप नव्हता. पाण्याची चिंता हा चारचाकीवाल्यांचा मान होता, असे म्हणायला हरकत नाही.

या गाड्यांत जे पाणी ओतले जाई ते नळाचे किंवा विहिरीचे असे, आणि गळतीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असे. दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपून येणाऱ्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. असे जड पाणी तापले की त्यातले क्षार वेगळे होऊन धातूला चिकटतात. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या आत वर्षभरात जे पांढरे कवच धरे, तेच कवच रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतही धरे, फरक इतकाच की बंबाचे तोंड रुंद असल्याने तो घासता येई आणि नळ्यांत हात जात नसे. क्षारांचे कवच उष्णता अडवते, त्यामुळे इंजिन अधिक तापते, आणि अधिक तापलेल्या पाण्यातून क्षार आणखी वेगाने खाली बसतात.

दुसरे नुकसान गंजाचे होते. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे आणि शिसे असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युत् प्रवाह सुरू होतो आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजत जातो. पद्मिनीच्या १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे होते, तर अँबॅसडरच्या जुन्या इंजिनात दोन्ही भाग बिडाचे होते. बीड आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत. म्हणून पद्मिनी एकदा बेसुमार तापली की हेड वाकडे होण्याची आणि हेड व ठोकळा यांच्यामधले पातळ पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, उडण्याची भीती अधिक असे. ठोकळा ओतताना राहिलेली भोके बुजवण्यासाठी जी पत्र्याची वाटीसारखी बुचे ठोकलेली असतात, तीही आतून गंजून एक दिवस पाझरू लागत. ही बुचे अनेकदा इंजिनाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला असल्यामुळे गळतीचा माग लागणे कठीण जाई आणि निर्दोष रेडिएटरवर विनाकारण खर्च होई.

ही सारी दुखणी घाटात बाहेर पडत. खोपोली ते खंडाळा हा बोरघाटातला रस्ता १८३० मध्ये चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला, तेव्हा त्याचा चढ बैलांच्या दमाचा विचार करून आखलेला होता. पुढे त्याच रस्त्याने मोटारी चढू लागल्या, त्या खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनावर पूर्ण भार आणि समोरून येणारा वारा मात्र नाममात्र, अशा स्थितीत. पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्यामुळे इंजिनाचा वेग मंदावला की त्याचाही जोर कमी होई. एप्रिल-मे महिन्यांत वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, रेडिएटरच्या झाकणावर टाकलेले ओले गोणपाट आणि ट्रकच्या पुढे टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी ही घाटातली नेहमीची दृश्ये होती. तापलेल्या गाडीचे झाकण घाईने उघडले की दाबाखालचे पाणी एकदम वाफ होऊन उसळते आणि तोंड-हात भाजतात. ही शिकवण कुठल्याही पुस्तकाआधी घाटाने दिली, आणि ती महागात पडलेल्यांची संख्या लहान नसावी.

गळती शोधण्याची घरगुती रीत मात्र घाईची नव्हती. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा अंथरून सकाळी ओला डाग कुठे पडला आहे ते पाहणे, हे तिचे पहिले पाऊल होते. पाणी वाळल्यावर क्षारांची पांढरी किंवा गंजाची तांबूस रेघ मागे राहते आणि ती उलट वर धरत गेले की मूळ सापडते. डाग पंख्याच्या खाली असेल तर संशय पाण्याच्या पंपावर जाई, कारण पंपाच्या पोटात दांड्याखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते आणि आतले सील झिजले की पाणी त्या भोकातून ठिबकू लागते. ते भोक म्हणजे दोष आहे असे समजून कुणी ते बुजवले, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरून पंप आणखी लवकर निकामी होई. पाणी कमी होते पण जमिनीवर थेंब नाही, अशा वेळी इंजिन ऑइलची दांडी पाहिली जाई. ऑइल दुधी दिसले तर पाणी आतल्या आत मिसळत आहे, आणि मग घरचा इलाज संपून हेड उतरवणे व कारखान्यात त्याचे फेसिंग करून घेणे, म्हणजे वाकलेला पृष्ठभाग यंत्रावर सपाट करणे, एवढाच मार्ग उरे.

रबरी होज पाईपची गळती त्या मानाने सोपी होती. पाईप चिरला तर त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वर तार पिळायची, की गाडी मुक्कामाला पोहोचे. पाईप जिथे नळकांड्यावर बसतो तिथे आवळण्यासाठी आज जी स्क्रूची क्लिप सर्वत्र वापरली जाते, ती ब्रिटिश नौदलातले निवृत्त अधिकारी लमली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये शोधून काढली. एका वळशाच्या पट्टीवर खाचा पाडून स्क्रूने ती घट्ट करण्याची ही युक्ती इतकी परिपूर्ण निघाली की शंभर वर्षांत तिच्यात मूलभूत बदल करावा लागलेला नाही. गळणाऱ्या गाडीच्या धन्यावर हिच्याइतके उपकार दुसऱ्या कुठल्याही शोधाने केले नसतील.

रेडिएटरच्या जाळीतूनच पाणी पाझरू लागले तर त्यात मूठभर हळद टाकण्याचा इलाज देशभर चालत होता, आणि त्याला अडाणीपणा म्हणून हसणे चुकीचे ठरेल. हळदीच्या पुडीत पिष्टाचे कण आणि तंतू असतात; गरम पाण्यात ते फुगून चिकट होतात, पाण्याच्या ओघाबरोबर भोकाकडे ओढले जातात आणि बाहेरच्या हवेने सुकून तिथेच त्यांचे बूच बनते. अमेरिकेत मोटारीच्या पहिल्या काळात अळशीचे पीठ आणि कोंडा वापरला जाई तो याच तत्त्वावर, आणि तिथे १९४७ पासून विकल्या जाणाऱ्या बार्स लीक्स या प्रसिद्ध औषधाच्या गोळ्यांत तर सुंठीची, म्हणजे वाळलेल्या आल्याची पूड असे. आले आणि हळद ही एकाच कुळातली कंदमुळे आहेत. मिशिगनचा कारखानदार आणि महाराष्ट्रातला ट्रकचालक एकमेकांना न विचारता एकाच कुळातल्या मुळाशी पोहोचले, एवढ्यावरून या इलाजात तथ्य होते हे मान्य करावे लागते.

तथ्य होते, पण मर्यादाही होती. हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. जिथे ओघ मंद आणि वाट अरुंद असेल तिथे ती साचते. क्षारांनी आधीच अर्ध्या बुजलेल्या नळ्यांत हळदीचा थर बसला की गळती थांबे खरी, पण गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापू लागे. त्या काळच्या नळ्या रुंद होत्या आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत केबिन उबदार ठेवणारी हीटरची दुसरी बारीक जाळी नव्हती, म्हणून हा इलाज पचला. मुक्कामाला पोहोचण्याचे साधन म्हणून हळद उत्तम होती, दुरुस्ती म्हणून ती कधीच खरी नव्हती, आणि ज्यांनी हा भेद पाळला नाही त्यांनी पुढे इंजिनाची किंमत मोजली. हेड गॅस्केटच्या चिरेवर सोडियम सिलिकेटचे द्रावण वापरतात, ते उष्णतेच्या जागी काचेसारखे घट्ट होऊन चीर भरते. याच रसायनाचे दुसरे रूप २००९ मध्ये दिसले: अमेरिकी सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्याची योजना राबवली, तेव्हा इंजिने पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांत ऑइलऐवजी सोडियम सिलिकेटच ओतले गेले. औषध आणि विष यांत फरक जागेचा आणि मात्रेचा असतो, हे वैद्यांचे म्हणणे गॅरेजातही खरे ठरले.

जाळीची खरी दुरुस्ती म्हणजे डाग देणे, अर्थात कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने भोक झाळून बुजवणे. रेडिएटर गाडीतून उतरवून, त्याची तोंडे रबरी बुचांनी बंद करून, तो पाण्याच्या टाकीत बुडवला जाई आणि पंपाने आत हवा भरली की बुडबुड्यांची माळ भोकाची जागा दाखवी. तिथला पत्रा तारेच्या ब्रशने आणि आम्लाने लख्ख करायचा, मिठाच्या आम्लात जस्त विरघळवून केलेले द्रावण लावायचे, तापवलेला खय्या, म्हणजे झाळण्याचे हत्यार, नवसागरावर घासून स्वच्छ करायचा आणि मग वितळलेले कथील-शिसे त्या जागी खेळवायचे, असा हा क्रम होता. नवसागर घरोघरच्या पितळी भांड्यांना कल्हई लावणाऱ्याच्याही पेटीत असे, त्यामुळे या कामाची सामग्री कुठल्याही गावी नवी नव्हती. हे मिश्रण २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर तांबे १,०८५ अंशांपर्यंत टिकते. या मोठ्या अंतरामुळे सांधा हवा तितक्या वेळा उघडता आणि पुन्हा बंद करता येई, तरीही मूळ पत्र्याला धक्का लागत नसे. वरची पितळी टाकी झाळ वितळवून काढायची, नळ्यांतून लांब पोलादी पट्टी फिरवून क्षार खरवडायचे, ज्याला कारागीर रॉडिंग म्हणतात, आणि टाकी पुन्हा बसवायची, हेही त्याच अंतरामुळे शक्य होते. नळी दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर तिची दोन्ही टोके दाबून झाळून टाकत. तेवढी एक नळी बाद होई आणि बाकीचा रेडिएटर चालू राही.

या कौशल्याची किंमत कारागिराच्या शरीराने मोजली, हे मात्र सांगितले पाहिजे. बंदिस्त टपरीत दिवसभर शिशाचा धूर आणि धूळ छातीत घेणाऱ्या रेडिएटर-कारागिरांच्या रक्तात शिसे साठते, हे जगभरच्या वैद्यकीय तपासण्यांत आढळलेले आहे. दुरुस्तीच्या संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही.

पाण्याऐवजी रसायन वापरण्याची चाल थंड देशांतून आली. तिथे हिवाळ्यात पाणी गोठून इंजिनाचा ठोकळाच तडकत असे, म्हणून आधी अल्कोहोल आणि १९२७ पासून प्रेस्टोन या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. महाराष्ट्रात पाणी गोठण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून कूलंट हा परदेशी चोचला मानला गेला. त्यातली गंजरोधक द्रव्ये हीच आपल्या हवामानात खरी मोलाची आहेत, ही गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. अशीच गैरसमजूत थर्मोस्टॅटविषयी होती. इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारी ही झडप, उष्ण देशात निरुपयोगी म्हणून, मेकॅनिक सर्रास काढून टाकत, आणि मग इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा थंड राहून पेट्रोल अधिक खाई. दाबाचे झाकण मात्र निमूटपणे स्वीकारले गेले: चौरस इंचाला दर एक पौंड दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो, त्यामुळे १५ पौंडांच्या झाकणाखाली साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. अर्थात हाच दाब दुबळ्या सांध्यांवरही पडतो, आणि जुन्या गाडीला नवे जोरकस झाकण बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी होज पाईप फुटल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.

युरोपात १९७० च्या दशकापासून तांबे-पितळेची जागा ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या घेऊ लागल्या, आणि १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतरच्या पिढीत हे रेडिएटर भारतातही रुळले. ते हलके आणि स्वस्त असतात, पण त्यांची जाळी भट्टीत सुमारे ६०० अंशांना जोडली जाते, आणि ॲल्युमिनियम स्वतः ६६० अंशांना वितळते. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर क्षणात धरणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला साधी झाळ चिकटत नाही. टाकी रबरी सीलवर पत्रा मुडपून बसवलेली असल्यामुळे ती उघडून रॉडिंग करणेही अवघड असते. तांब्याच्या बाबतीत झाळ आणि पत्रा यांच्या वितळण्याच्या तापमानांमधले जे रुंद अंतर कारागिराला वाव देत होते, ते इथे साठ अंशांवर आले, आणि डाग देण्याच्या जागी बदलून टाकण्याची रीत आली. लोक आळशी झाले म्हणून दुरुस्ती बंद पडली, ही तक्रार त्यामुळे टिकत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये मुंबईत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तोवर या धंद्याचे गिऱ्हाईक बरेचसे आटलेले होते.

ज्यांच्याकडे त्या पिढीची गाडी अजून चालू स्थितीत आहे, त्यांनी तिच्यात विहिरीचे पाणी घालू नये. शुद्ध केलेल्या पाण्यात ३० ते ५० टक्के कूलंट मिसळावे, आणि इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्यामुळे काढलेले कूलंट मुले व जनावरे यांच्या वाटेत उघड्यावर ठेवू नये. जुना रेडिएटर घेऊन त्याच्या बदल्यात नवा ॲल्युमिनियमचा देण्याची तयारी दुकानदार आनंदाने दाखवतात, कारण मोडीच्या बाजारात तांबे-पितळेला वजनावर ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो. म्हणून तो मोडीत देण्याआधी एकदा टाकीत बुडवून, हवा भरून तपासून घ्यावा; दोन-चार नळ्याच गळत असतील तर डाग देऊन तो आणखी काही वर्षे सहज चालतो.